मंडळाचा अधिकृत खेडूत

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या मराठी मंडळात कुणी डॉक्टर, कुणी औषधाच्या कारखान्यात साहेब, आणि उरलेले सगळे कॉम्प्युटरवाले. एवढ्या शिकल्यासवरल्या गोतावळ्याला एक खेडूत लागतोच. संक्रांतीला बाजरीची भाकरी कशी फुगते ते सांगायला, आयरिश इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना बैल आणि वळू यांतला फरक समजवायला, आणि आपण मातीपासून केवढे लांब आलो असं वाटून मोठ्यांना दोन घटका गलबलून यायला. हे खातं देवदत्तकडं होतं. तसा ठराव कुणी केला नव्हता, पण महाराष्ट्र दिनाला फेटा बांधून माईक कुणाच्या हातात द्यायचा यावर कधी चर्चाच झाली नाही.

दिसायला देवदत्त त्या कामाला बरा होता. रापलेला रंग, जाड मिशी, रुंद मनगटं. बोलायला लागला की मात्र खऱ्या गावच्या माणसाला घाम फुटावा. "काय बे भावा, खंय चाललास?" असं तो हॉलच्या दारात उभा राहून म्हणायचा. तेवढ्याशा वाक्यात नागपूर, कोल्हापूर आणि मालवण एका खोलीत कोंबलेले, आणि तिघांचीही एकमेकांशी ओळख नाही. पुण्यामुंबईच्या मंडळींना ते अस्सल वाटायचं. त्यांच्या लेखी महामार्ग सोडला की पुढं सगळं एकच गाव.

खरी गोष्ट अशी होती की देवदत्तचे वडील मुरलीधरपंत पाटबंधारे खात्यात कारकून. सारा जन्म तालुक्याच्या गावी सरकारी क्वार्टरात गेला. दूध रतीबानं यायचं. गवळी दारात सायकल लावायचा, देवदत्त पातेलं धरायचा. गोठ्याशी त्याचा संबंध तेवढाच, आणि तोही गवळी पाणी किती घालतो यावर आईचं भांडण चाललेलं असताना.

मग ही खोटी ख्याती आली कुठनं? तो शिकायला कॉर्कला आला, नोकरीला चिकटला, मंडळात जायला लागला, तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. खुर्च्या मांडायला बोलवायचे, फोटोच्या वेळी विसरायचे. एका भोगीला कुणीतरी बाजरीची भाकरी आणली होती. ती वातड झाली होती. सगळे ती अगदी भक्तिभावानं चावत होते. देवदत्त सहज म्हणाला, "आमच्या गावाकडं चुलीवर करतात." तर अख्खी खोली वळून त्याच्याकडं बघायला लागली. एका बाईंच्या डोळ्यात पाणीच आलं. परदेशात एकट्या पडलेल्या माणसाला ही असली नजर म्हणजे लई चढणारी दारू. पहिल्या वर्षी त्याच्या गावाकडं नुसती चूल होती. पुढच्या वर्षी चुलीमागं गोठा आला. गोठ्यात गाय आली. ती दर वर्षी नेमानं वीत गेली आणि बघता बघता देवदत्त रोज पहाटं धार काढून शाळेत जायला लागला. पोरं त्याला 'गाववाले काका' म्हणायला लागली. आता फोटोत तो मधोमध असायचा.

त्याची बायको केतकी, नाशिकची, इथं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. तिला सगळं ठाऊक होतं. ती मंडळात गप्प बसायची आणि घरी आल्यावर विचारायची, "यंदा किती व्याल्या?"

इथवर सगळं ठीक चाललं होतं. घोटाळा केला तो पुरुषोत्तमरावांनी.

पुरुषोत्तमराव मंडळाचे अध्यक्ष. त्यांना फ्रेंच लघुपटांचा नाद होता. शहरात एका पबच्या माडीवर महिन्यातनं एकदा असले लघुपट दाखवायचे, आणि ते सगळे गावच्या जगण्यावरचे असायचे. फ्रेंच लघुपटातलं गाव म्हणजे कसं, तर एक म्हातारा टेबलाशी बसून चाकूनं सफरचंद सोलतोय. घड्याळ टिकटिकतंय. खिडकीबाहेर धुकं. बराच वेळ झाला की म्हातारा म्हणतो, "ती गेली." आणि पडदा काळा. बायको गेली की गाय गेली, ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि विचारलं तर आपण गावंढळ ठरतो. मग सगळे वाईनचा घोट घेतात आणि चीज खातात. पुरुषोत्तमराव घरी जाऊन मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक लिहायचे, की बघा, फ्रेंच माणसानं मौन कसं जपलंय. त्यांच्या स्वतःच्या बायकोला हे वाचून नवल वाटायचं, कारण घरात ते क्षणभर गप्प बसत नसत.

त्या माडीवर त्यांची गाठ सोलेनशी पडली. सोलेन फ्रान्समधल्या ब्रिटनीची, कॉर्कातल्या एका कंपनीत नोकरी करणारी, आणि उरलेल्या वेळात स्वतःचा लघुपट काढायला निघालेली. गोष्ट तिच्याकडं तयार होती. फ्रान्समधला एक गोठा. मालक मेलाय. गाई विकल्यात. एकच उरलीय, तीही आज जाणार. परदेशातनं आलेला गडी तिची शेवटची धार काढतो. बास. बोलणं एकच वाक्य, "से ला देर्निएर", म्हणजे 'ही शेवटची'. तिच्या आजोबांच्या गावी जाऊन शूटिंग करायचं तर तिथं आता यंत्रमानव दूध काढतो आणि आजोबांचा पोरगा वर मोबाईल बघत बसतो. त्यापेक्षा आयर्लंडचं गवत फ्रान्ससारखंच हिरवं, असं तिनं ठरवलं. तिला गडी पाहिजे होता. नट नको होता. तिला म्हणे खरे हात पाहिजे होते.

पुरुषोत्तमराव म्हणाले, हात आहेत माझ्याकडं.

देवदत्तला हे कळलं तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला होता. नाही म्हणायची वाट पुरुषोत्तमरावांनी ठेवलीच नव्हती. लघुपट झाला की मंडळाचा हॉल घेऊन सगळ्यांना दाखवायचा, हेही त्यांनीच जाहीर करून टाकलेलं. म्हणजे सगळ्या मंडळासमोर, पडद्याएवढ्या मोठ्या आकारात, देवदत्तचे खरे हात गाईच्या सडांना लागणार, आणि दूध येणार नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खुर्च्या मांडणारा माणूस.

तो शिकायला लागला. इंटरनेटवर बघून त्यानं रबरी हातमोज्यात पाणी भरलं, बोटांच्या टोकांना सुईनं भोकं पाडली, तो मोजा गॅरेजमध्ये दोरीला टांगला आणि खाली बादली घेऊन बसला. मोज्यातनं पाणी छान यायचं. न दाबताही यायचं, ही एक अडचण होती. केतकी कपडे वाळत घालायला आली, तिनं बघितलं आणि म्हणाली, "ही कधी व्याली?"

"केतकी, मला चेष्टा नकोय."

"मग सांगून टाक ना त्यांना. म्हण, नाही येत मला. कोण फाशी देणारेय?"

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. "तुला लोक तुझ्या नावानं ओळखतात."

केतकीनं कपड्यांची बादली उचलली. जाताना तेवढी मोज्याची गाठ घट्ट करून गेली.

शूटिंग वॉटरफोर्डच्या रस्त्यावर डंगारव्हनच्या अलीकडं, डोनल नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर होतं. डोनलचा गोठा म्हणजे विमानतळ. गाई ओळीनं यायच्या, यंत्राचे चार पेले आपसूक लागायचे, दूध पाईपातनं टाकीत. हातानं धार त्याच्या आज्यानं काढली असंल. त्यानं त्यातल्या त्यात गरीब, वयस्क गाय काढून दिली. कुठलीही गोष्ट विचारली की तो 'ग्रँड' म्हणायचा, म्हणजे तिकडचं 'ठीकंय'. पाऊस येईल का? ग्रँड. गाय लाथ मारील का? ग्रँड. देवदत्तलाही कॉर्कात एवढी वर्षं काढून तोच रोग लागला होता.

सकाळी सोलेननं देवदत्तला कामाला लावलं. जुना सदरा, गमबूट, आणि गालावर, कोपरावर, छातीवर खरं शेण. तिनं ते ब्रशनं लावलं, दोन पावलं मागं जाऊन बघितलं, आणि आणखी लावलं. तिचा कॅमेरावाला, आवाजवाला आणि एक छत्री धरणारी मुलगी, सगळे त्याच्याकडं असे बघत होते जसं म्युझियममध्ये बघतात.

धारेची वेळ जवळ आली तसं देवदत्तला काही सुचंना. मग त्याला पूजा सुचली. आमच्यात धार काढायच्या आधी गाईची पूजा करतात, असं त्यानं ठोकून दिलं. रोज पहाटं पूजा करत बसलं तर गावाला चहा दुपारी मिळंल, पण सोलेनला कोण सांगणार? तिच्या अंगावर काटा आला. देवदत्तनं गाडीतनं पिशवी आणली. त्यानं ती आधीच भरून आणली होती यावरनं काय ते समजा. हळद वाहिली, ओंजळभर कुंकू कालवून गाईच्या कपाळावर ठसठशीत मळवट भरला, निरांजन ओवाळलं, केतकीनं डब्यात दिलेली पुरणपोळी गाईला चारली, आणि येतील नाही येतील ते सगळे श्लोक म्हटले. मध्ये पाढेही म्हटले असतील. गाय शहाणी होती, तिनं पोळीकडं लक्ष दिलं. सोलेन म्हणाली हे कथेत नाही, कुंकू नंतर पुसावं लागंल, पण तिच्या आत्म्याला फार बरं वाटलं. तोवर ऊन पडलं. सोलेनला ऊन नको होतं, तिला दुःखी उजेड पाहिजे होता. ढग येईतो सगळे चहाला डोनलच्या स्वयंपाकघरात गेले. छत्रीवाल्या मुलीनं जाता जाता गाय शेजारच्या कोंडवाड्यात चार गाईंबरोबर सोडली. देवदत्त भूक नाही म्हणून आवारात एकटाच थांबला. त्याला वाटलं, ढग नाही आला तर किती बरं होईल.

ढग नाही आला. ट्रक आला.

ट्रकवाला उतरला. आवारात शेणानं माखलेला, गमबूट घातलेला एकच माणूस उभा होता. जन्मात पहिल्यांदा देवदत्तला कुणीतरी बिनशर्त गोठ्याचा गडी समजलं. ट्रकवाल्यानं कोंडवाड्याकडं बोट केलं आणि विचारलं, "लाल खूणवाल्या सगळ्या, ना?"

देवदत्तला काय विचारलं तेही नीट कळलं नव्हतं. तो म्हणाला, "ग्रँड."

डोनलच्या त्या कोंडवाड्यातल्या गाई म्हाताऱ्या, भाकड. त्यांच्या कपाळावर त्यानं आदल्या दिवशी लाल रंगाचा फवारा मारला होता. लाल म्हणजे खाटीकखान्याला. ट्रकवाल्यानं फळी टाकली, फाटक उघडलं, हाळी घातली. एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी गेली. पाचवी फळीवर पाय ठेवून जरा थबकली. तिच्या कपाळावर सगळ्यांत लाल, सगळ्यांत ठसठशीत खूण होती. खाली हळदही होती. ट्रकवाल्याला वाटलं असंल, हिला दोनदा मारायचं असंल.

देवदत्तला सगळं एकदम कळलं, आणि कळल्यावर तो गप्प राहिला.

हे लपवण्यात अर्थ नाही. तो गप्प राहिला. गाय गेली तर धार नाही. धार नाही तर लघुपट नाही. लघुपट नाही तर हॉल नाही, पडदा नाही, आणि त्याची गावची गाय पुढच्या वर्षीही नेमानं वीत राहील. चूक कुणाची, तर ट्रकवाल्याची. फळीवर गाईचे पुढचे दोन्ही पाय चढले. ती मान वळवून रवंथ केल्यासारखं तोंड हलवत होती. ते रवंथ नव्हतं. तिच्या तोंडात अजून पुरणपोळी होती.

"थांबव," देवदत्त ओरडला, आणि ते मराठीत ओरडला. मग इंग्रजीत ओरडला, आणि फळीवर चढून गाईच्या तोंडापुढं आडवा झाला.

ट्रकवाला तापला. खूण लाल आहे, तू स्वतः ग्रँड म्हणालास, आता काय? देवदत्तनं सदऱ्याच्या बाहीनं गाईचं कपाळ पुसलं. कुंकू बाहीला आलं. बाकीच्या गाईंचा रंग पुसून जाणारा नव्हता.

"हे काय आहे?"

"प्रार्थना," देवदत्त म्हणाला.

ट्रकवाल्यानं त्या लाल बाहीकडं बघितलं, मग शेणानं भरलेल्या त्या तोंडाकडं. "अरे बाबा," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या गोठ्यावर प्रार्थना करायची तर निळ्या रंगानं कर."

गाय खाली उतरली. ट्रक गेला. आणि सोलेन म्हणाली होती तसा तो दुःखी ढग डोंगरावरनं सरकत आला.

आता पूजा संपली होती, पोळी संपली होती, श्लोकही संपले होते. देवदत्त बुटक्या स्टुलावर बसला. कॅमेरा त्याच्या हातांच्या इतका जवळ आला की बोटावरचे केस दिसावेत. मध्ये कुठंच थांबायचं नाही, सगळं एका दमात घ्यायचं, असं सोलेनचं तत्त्व. त्यानं सड धरला आणि दाबला. काही नाही. दुसरा धरला. काही नाही. वरनं ओढला, खालनं ओढला, हातमोज्याला केलं होतं तसं हळूच हलवून बघितलं. गाईनं मागं वळून बघितलं, मग पाय उचलला आणि बादलीत ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला. तिनं परत ठेवला. डोनल दारात उभा होता. तो पहिल्यांदाच 'ग्रँड' म्हणाला नाही.

शेवटी देवदत्तनं हात सोडून दिले. कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं आणि दमून, मनापासून, पाठ केलेलं ते एकुलतं वाक्य म्हणाला. "से ला देर्निएर." ही शेवटची. परत मी असला आगाऊपणा करणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

सोलेन रडत होती. कॅमेरावालाही नाक पुसत होता. पुन्हा घ्यायचं का, असं देवदत्तनं विचारलं. ती म्हणाली, असलं पुन्हा घेता येत नाही.

मंडळाचा हॉल गच्च भरला. पडद्यावर धुकं आलं, आवार आलं, घड्याळ नव्हतं तरी कुठनंतरी टिकटिक आली. मग ते हात आले, भिंतीएवढे. सडावर चाचपडणारे, घसरणारे, काही न मिळणारे हात. बादलीत पाय. परत पाय. हॉलमध्ये कुणी खोकेना. देवदत्त पहिल्या रांगेत, मान खाली घालून, खुर्च्या कुठं रचून ठेवायच्या असतात ते आठवत बसला होता.

दिवे लागले. पुरुषोत्तमराव उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ज्या माणसानं जन्मभर पहाटं उठून धार काढली," ते म्हणाले, "त्याला धार येत नाही असं दाखवायचं. हातातली विद्या हातातनं काढून टाकायची. हा अभिनय फ्रेंच माणसालाही जमायचा नाही."

टाळ्या थांबेनात. सगळे उभे राहिले. देवदत्तच्या हातात माईक आला. त्यानं हॉलभर बघितलं. हीच ती नजर होती, भोगीच्या दिवशीची, पण आता दहापट. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण एकदा फळीपाशी तो गप्प राहिला होता, आणि ते त्याला नीट जमलं नव्हतं.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. नागपूर, कोल्हापूर, मालवण एकदम गायब झाले, साधं क्वार्टरातलं मराठी आलं. "तो अभिनय नाहीये. मला खरंच धार काढता येत नाही. कधीच आली नाही. आमच्याकडे गाय नव्हती. वडील पाटबंधारे खात्यात होते. दूध रतीबानं यायचं."

मागनं कुणीतरी हसलं, कौतुकानं. मग सगळाच हॉल हसला, आणि टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या झाल्या. पुरुषोत्तमरावांनी त्याला मिठीत घेतलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते माईकमध्ये म्हणाले की एवढं यश मिळूनही पाय जमिनीवर राहतात ते मातीतल्याच माणसाचे, आणि उन्हाळ्यात मंडळाची सहल डोनलच्या गोठ्यावर नेऊ, पोरांना धार काढायला देवदत्तराव शिकवतील. पोरं ओरडली. पहिल्या रांगेत केतकीही टाळ्या वाजवत होती.

परत जाताना गाडीत, शहराच्या डग्लस भागातल्या सिग्नलला, देवदत्त म्हणाला, "तू तरी सांगायचंस त्यांना, खरंय म्हणून. तुझं ऐकलं असतं."

"सांगितलं ना," केतकी म्हणाली. "चहाच्या टेबलाशी सगळ्या बायकांना सांगितलं. म्हटलं, याला हातमोज्यातनंसुद्धा दूध काढता येत नाही."

"मग?"

"मग काय. सगळ्या मला रागावल्या. म्हणाल्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं, आणि तुला त्याची किंमत नाही."